सायलेन्सर नको, सराव विकत घ्या

गेल्या गणेशोत्सवात आरती आटोपली, प्रसादाची रांग लागली आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या एका वहिनींनी हळू आवाजात विचारले, “भाऊजी, तुमचा मुलगा मोटारसायकलच्या शर्यतीत पडला म्हणे?” मी म्हटले, शर्यत नव्हती, सराव होता. पडला हे खरे, पण आता बरा आहे. “मग गाडी विकली असेल ना?” नाही विकली, असे म्हटल्यावर वहिनी गप्प झाल्या. रांगेत पुढे-मागे जे कान होते ते मात्र गप्प बसले नाहीत. मोदक हातात पडेपर्यंत मला तीन फुकटचे सल्ले मिळाले, आणि एका उपवर मुलीच्या आईने जो चेहरा केला तो मी अजून विसरलेलो नाही.

त्या सर्वांना रांगेत उभ्या-उभ्या उत्तर देणे शक्य नव्हते, म्हणून हा लेख. आपल्या अंकाच्या या पानांवर आजवर मधुमेह, गुडघेदुखी, पेन्शन आणि मृत्युपत्र यांवर पुष्कळ छापून आले आहे. मोटारसायकलवर काही आल्याचे मला स्मरत नाही. आणि दिवाळीच्या कार्यक्रमाला हॉलबाहेरच्या कार पार्कमध्ये मी सात मोटारसायकली मोजल्या. म्हणजे विषय आपल्या घरात आहे, फक्त आपण तो जेवणाच्या टेबलावर घेत नाही.

आधी माझी ओळख. मी मूळचा कोल्हापूरचा, गंगावेशीच्या बाजूचा. १९८८ साली या देशात आलो, तीस वर्षे अकाउंटंट म्हणून नोकरी केली, आता निवृत्त. तरुणपणी वडिलांची येझदी चालवली, तीही हेल्मेटशिवाय. पुढे शिक्षणासाठी पुण्यात होतो, आणि पुणेकरांचे हेल्मेटशी नाते काय आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. तेव्हा मोटारसायकलमधला तज्ज्ञ म्हणून मी हे लिहीत नाही. ज्याने पैसे चुकीच्या जागी खर्च केले आणि मग बसून हिशेब मांडला, असा एक बाप म्हणून लिहितो आहे.

चिरंजिवांनी चोविसाव्या वर्षी मोटारसायकलचे पूर्ण लायसन्स काढले. ज्यांना इथली पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्रिटनमध्ये १९९० पासून सीबीटी नावाचे एक दिवसाचे सक्तीचे प्रशिक्षण आहे. ते झाले की एल पाटी लावून सतराव्या वर्षापासून १२५ सीसीपर्यंतची गाडी चालवता येते. त्यापुढे लेखी परीक्षा, मग दोन भागांची प्रत्यक्ष परीक्षा. पहिला भाग मोकळ्या मैदानावर होतो. त्यात ताशी ५० किलोमीटर वेगातून अचानक ब्रेक दाबून थांबून दाखवावे लागते, आणि तेवढ्याच वेगात एखादा अडथळा चुकवून दाखवावा लागतो. दुसरा भाग रस्त्यावर. एकोणिसाव्या वर्षी मध्यम ताकदीच्या गाडीचे लायसन्स मिळते, आणि चोविसाव्या वर्षी थेट कोणत्याही गाडीचे. पद्धत चांगली आहे, आपल्याकडच्या ‘आठचा आकडा काढून दाखव’ पेक्षा कितीतरी चांगली.

पण त्यातली फट बघा. ताशी ५० किलोमीटरवरून थांबता येते हे सिद्ध केलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन ताशी २५० किलोमीटर धावणारी गाडी घेता येते. कायदा आडवा येत नाही. बँक तर हसतमुखाने कर्ज देते. आता शाळेतले गणित आठवा. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यानंतर थांबण्याचे अंतर चौपट होते, आणि पाचपट झाला की पंचवीसपट. या पंचवीसपटीचा सराव त्याने कुठे करायचा? रस्त्यावर करणे बेकायदा आणि जीवघेणे. उरला ट्रॅक.

‘ट्रॅक’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शर्यत येते. ज्याला इथे ‘ट्रॅक डे’ म्हणतात ती शर्यत नसते. ब्रँड्स हॅच, डोनिंग्टन पार्क, कॅडवेल पार्क अशा ठिकाणी एखादा आयोजक दिवसभरासाठी ट्रॅक भाड्याने घेतो आणि तुमच्याआमच्या मुलांना फी घेऊन आपापल्या गाड्या चालवू देतो. नवशिके, मध्यम आणि जलद असे तीन गट पाडतात. प्रत्येक गटाला तासातून साधारण वीस मिनिटे मिळतात. सकाळी सूचनांची सभा होते. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक करू नका. लाल झेंडा म्हणजे सगळ्यांनी वेग कमी करून परत या. पहिल्या दोन-तीन फेऱ्या हळू, ट्रॅकची ओळख करून घेण्यासाठी. समोरून ट्रक येत नाही, कडेला दिव्याचा खांब नाही, वळणावर सांडलेले डिझेल सहसा नसते आणि अँब्युलन्स जागेवर उभी असते. मला हे सारे त्याच्या पहिल्या खेपेला बघून इतके पटले की मी त्याच्या वाढदिवसाला नऊशे पौंड खर्चून त्याला हवा असलेला भारी सायलेन्सर घेऊन दिला.

इथे माझी चूक झाली.

दुसऱ्या खेपेला, मे महिन्यात, आम्ही पहाटे साडेपाचला निघालो. सौ.ने मेथीचे ठेपले बांधून दिले होते. (आमच्या शेजारच्या गुजराती भगिनींची ही शिकवण, भाकरी प्रवासात वातड होते असे सौ.चे मत आहे.) ट्रॅकवर पोचल्यावर प्रत्येक गाडीच्या आवाजाची तपासणी असते. त्या दिवशीची मर्यादा १०५ डेसिबल होती. माझ्या नऊशे पौंडांच्या सायलेन्सरने ती ओलांडली. मग कुणाकडून तरी आवाज दाबणारी नळी उसनी आणली, ती बसवली, पुन्हा रांगेत उभे राहिलो. तोवर पहिले सत्र गेले. त्यानंतर धुके उतरले आणि दुसरे सत्र सगळ्यांचेच गेले. तिसऱ्यात दोन जण पडले, दोन वेळा लाल झेंडा. जेवणाच्या सुटीपर्यंत चिरंजीव ट्रॅकवर किती वेळ होते हे मी सवयीने वहीत टिपले आहे. चौदा मिनिटे.

त्या दिवसाची फी १८० पौंड होती. सात सत्रे, प्रत्येकी वीस मिनिटे, म्हणजे कागदावर १४० मिनिटे. मिनिटाला एक पौंड एकोणतीस पेन्स. वाईट नाही. पण पेट्रोल, टायर, आदल्या आठवड्याची सर्व्हिस हे धरले आणि प्रत्यक्ष मिळालेल्या मिनिटांनी भागले, तर तो आकडा मी सौ.ला दाखवलाच नाही. आणि सायलेन्सरचे नऊशे? त्यात पाच ट्रॅक डे झाले असते. सातशे मिनिटांचा सराव. तो मी विकत घेतला नाही. मी आवाज विकत घेतला, आणि त्या आवाजानेच त्याची पहिली वीस मिनिटे खाल्ली.

जेवणानंतर आयोजकांनी जाहीर केले की वाया गेलेला वेळ भरून काढण्यासाठी नवशिके आणि मध्यम हे गट एकत्र सोडण्यात येतील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. एकत्र सोडले की प्रत्येकाला तासातून तीस मिनिटे मिळतात, हिशेब बरोबर होता. चूक हिशेबापलीकडची होती. जो मुलगा सकाळपासून चौदा मिनिटे गाडीवर बसला होता, त्याच्या आजूबाजूने आता दोन-तीन वर्षे मुरलेले लोक जाऊ लागले. तिसऱ्या फेरीत एका उजव्या वळणावर आतल्या बाजूने एक जण अगदी जवळून पुढे गेला. नियमात ते बसत होते की नाही यावर वाद होऊ शकेल. चिरंजीव दचकले. गाडी कललेली असताना पुढचा ब्रेक घट्ट दाबला गेला, पुढचे चाक घसरले, गाडी खालून निसटली. मी कुंपणाजवळ उभा होतो. धूळ दिसली, मग काही सेकंद काहीच दिसले नाही. त्या सेकंदांबद्दल मी लिहिणार नाही.

गळपट्टीचे हाड मोडले आणि डाव्या मनगटात चीर. मोटारसायकलवरून पडणाऱ्यांचे गळपट्टीचे हाड फार वेळा जाते, माणूस खांद्यावर आपटतो म्हणून. चामड्याचा सूट, पाठीचे कवच आणि चांगले हेल्मेट असल्यामुळे कातडी शाबूत राहिली. हेल्मेटला फक्त ओरखडा होता, तरी ते फेकून दिले. एकदा आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये, आतला थर दबलेला असतो आणि तो बाहेरून दिसत नाही. डोक्याला मार बसल्याची नुसती शंका असली तरी त्या दिवशी पुन्हा गाडीवर बसायचे नाही. हौशी खेळाडूंसाठी ब्रिटनमध्ये २०२३ साली जी मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यांत मेंदूला धक्का बसल्यानंतर स्पर्धेत परतायला किमान २१ दिवस सांगितले आहेत. फुटबॉल खेळणाऱ्या नातवंडांनाही ते लागू आहे, आजी-आजोबांनी ध्यानात ठेवावे.

एनएचएसने प्लेट घालून हाड जोडले. एक पेनीही पडली नाही, आणि त्या नर्सबाईंचे उपकार मी विसरणार नाही. पण या देशात उपचार फुकट आहेत म्हणून आजारपण फुकट आहे असा आपल्यापैकी अनेकांचा गोड गैरसमज असतो. चिरंजीव स्वतंत्रपणे कंत्राटी काम करतात. नोकरदाराला निदान कायद्याने ठरलेला आजारपणाचा भत्ता मिळतो, २०२५-२६ साली तो आठवड्याला ११८.७५ पौंड होता आणि जास्तीत जास्त २८ आठवडे. स्वतःचा धंदा करणाऱ्याला तोही नाही. नऊ आठवडे उत्पन्न शून्य, घराचा हप्ता चालू. गाडीची दुरुस्ती वेगळी, कारण रस्त्यासाठी घेतलेला विमा बहुधा ट्रॅकवर लागू नसतो. त्याचा तर नव्हताच. बंद ट्रॅकवर विम्याची कायदेशीर सक्ती नाही. मध्यंतरी २०१४ च्या एका युरोपीय निकालामुळे ती येते की काय अशी भीती खेळाच्या जगात पसरली होती, पण २०२२ साली ब्रिटनने कायदा करून तो प्रश्न मिटवला. खेळ वाचला हे चांगलेच झाले. मात्र याचा अर्थ असा की ट्रॅकवर तुमचे नुकसान हे तुमचे नुकसान.

त्याच्याकडे उत्पन्न-संरक्षणाची पॉलिसी होती. तीन वर्षांपूर्वी मीच घ्यायला लावली होती, अकाउंटंटचा मुलगा म्हणून. अर्ज भरताना ‘आपण मोटार स्पोर्टमध्ये भाग घेता किंवा घेण्याचा विचार आहे काय’ या प्रश्नापुढे त्याने ‘नाही’वर खूण केली. तेव्हा पहिल्या ट्रॅक डेची तारीख ठरलेली होती. खोटे बोलायचे त्याच्या मनात नव्हते. त्याला वाटले, शर्यत म्हणजे मोटार स्पोर्ट, हे तर नुसते फिरणे. २०१२ च्या कायद्याप्रमाणे विमा घेणाऱ्याने उत्तरे देताना वाजवी काळजी घ्यायची असते. निष्काळजीपणे चुकीचे उत्तर दिले, तर खरे उत्तर मिळाले असते तेव्हा कंपनीने ज्या अटी घातल्या असत्या, त्याच लागू धरल्या जातात. कंपनीचे म्हणणे, आम्ही ट्रॅक वगळला असता. दावा नाकारला गेला. तांत्रिकदृष्ट्या त्यांचे बरोबर आहे, आणि मी आयुष्यभर इतरांचे फॉर्म तपासून आपल्या घरचा तपासला नाही, याचे शल्य मला आहे.

म्हणून आज घरी गेल्यावर मुलाला किंवा मुलीला विचारा, त्या प्रश्नाला काय उत्तर दिले होतेस? ट्रॅक वगळणारी पॉलिसी असेल तर एका दिवसापुरता किंवा वर्षभराचा वेगळा अपघात विमा मिळतो, तो घ्या. स्पेनमध्ये ट्रॅकवर जाणार असाल तर जीएचआयसी कार्डावर तिथल्या सरकारी दवाखान्यात उपचार होतील, पण मोडलेल्या माणसाला विमानाने घरी आणण्याचा खर्च ते कार्ड देत नाही. आणि सकाळी ज्या कागदावर सही घेतात, ‘सर्व जबाबदारी माझी’, त्याला घाबरून जाऊ नका. आयोजकाच्या हलगर्जीपणामुळे कुणाला इजा किंवा मृत्यू झाला, तर ती जबाबदारी त्याला अशा कागदाने झटकता येत नाही, असे २०१५ चा ग्राहक हक्क कायदा सांगतो. आम्ही भांडायला गेलो नाही. गट एकत्र केल्याबद्दल मी एक पत्र मात्र लिहिले. उत्तर नम्र होते, दीड ओळीचे, सोबत पुढच्या वेळेसाठी वीस पौंडांची सवलत.

आता मुद्द्यावर येतो. कोल्हापूरच्या तालमीत नवीन पोराला पहिले काही आठवडे कुस्ती लावत नाहीत. तो माती उकरतो. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ करायची, चाळायची, रोज पुन्हा उकरायची. पडणारा माणूस मऊ जागी पडला पाहिजे, ही तालमीची पहिली अट. मग वस्ताद जोड बघून जोड लावतो. पन्नास किलोच्या पोराला ऐंशी किलोच्या गड्यासमोर ढकलून ‘वेळ भरून काढला’ असे कुठलाही वस्ताद म्हणणार नाही. मऊ माती, बरोबरीची जोड आणि भरपूर वेळ, या तिन्ही गोष्टी असतील तर ती तालीम. खासबाग मैदान त्यानंतर.

मोटारसायकलच्या ट्रॅकवर मऊ माती म्हणजे वळणाबाहेरची मोकळी जागा, वाळू-खडीचा पट्टा आणि भिंतीपुढे लावलेल्या हवेच्या गाद्या, ज्यांना एअरफेन्स म्हणतात. त्यावर पैसा लागतो, आणि तो सर्वात वरच्या पातळीवरही कधी कधी कमी पडतो. मार्च २०२३ मध्ये पोर्तुगालमधल्या पोर्तिमाव ट्रॅकवर मोटोजीपीच्या शुक्रवारच्या सरावात पोल एस्पार्गारो पडला, जबडा आणि मणक्याचे हाड मोडले. त्या जागी हवेची गादी नव्हती यावर स्वारांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. म्हणजे नुसता सराव वाढवा असे म्हणून भागत नाही. कठीण भिंतीशेजारचा सराव हा सराव नव्हे.

मात्र गाद्यांनी सगळे सुटत नाही. २०२१ साली चार-पाच महिन्यांत तीन कोवळी पोरे गेली. मुजेल्लोवर १९ वर्षांचा जेसन दुपास्किये, आरागॉनवर १४ वर्षांचा ह्यूगो मियान, हेरेथला १५ वर्षांचा डीन बर्टा विन्यालेस. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेत बंगळुरूचा १३ वर्षांचा मुलगा गेला. ५ मे २०२५ रोजी इथे औल्टन पार्कवर ब्रिटिश सुपरस्पोर्ट शर्यतीच्या पहिल्याच फेरीत अकरा गाड्या एकमेकींत अडकल्या आणि दोन स्वार मृत्युमुखी पडले. पडलेल्या स्वारावर मागून गाडी आली की वळणाबाहेर कितीही मोकळी जागा असली तरी उपयोग नाही. म्हणून तर २०२१ नंतर जागतिक संघटनेने वयाच्या अटी वाढवल्या आणि धाकट्या गटांमधल्या गाड्यांची संख्या कमी केली. सरावाने यांतले कुणी वाचले असते असे मी म्हणणार नाही, तो अधिकार मला नाही. पण माझा मुलगा का पडला हे मी पाहिले आहे. शेजारून कुणी गेले तर काय करायचे हे त्याच्या हातांना ठाऊक नव्हते. डोक्याला ठाऊक होते. डोक्याला विचारायला तिथे वेळ नसतो.

ज्यांचा धंदाच हा आहे त्यांना हे पक्के कळते. आइल ऑफ मॅनच्या टीटीसारखी धोकादायक जागा नाही. ३७.७३ मैलांची फेरी, दोनशेहून अधिक वळणे, दोन्ही बाजूंना दगडी भिंती. तरीसुद्धा तिथे नवख्याची पहिली फेरी अनुभवी माणसाच्या मागे, बांधलेल्या वेगात होते. त्याच्या अंगावर केशरी बंडी असते म्हणजे मागचा सांभाळून येतो. सरावाच्या ठरलेल्या फेऱ्या झाल्याशिवाय शर्यतीत उभे राहता येत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी पहिल्यांदा आली तेव्हा ट्रॅक सगळ्यांनाच नवा, म्हणून पहिल्या दिवशीच्या सरावाची वेळ वाढवून दिली होती, आणि रविवारी उष्म्यामुळे फेऱ्या २४ वरून २१ केल्या. आम्ही तिघे सोफ्यावर बसून ती शर्यत पाहत होतो. त्याच मोटोजीपीने त्याच वर्षापासून दर शनिवारी एक जादा छोटी शर्यत सुरू केली आणि तीन दिवसांतला सराव १६५ मिनिटांवरून १३५ वर आणला. शर्यती दुप्पट, सराव अर्ध्या तासाने कमी. प्रेक्षकांना दोन तिकिटांची मजा मिळते हे मला कळते, मीही बघतो. पण जगातले सर्वात कुशल स्वार हे पचवू शकतात म्हणून तीच हवा खालपर्यंत येते. आयोजकालाही मग वाटू लागते की सराव म्हणजे खऱ्या कार्यक्रमाआधीचा वेळ, थोडा कापला तर काय बिघडते.

बरे, वेळ कमी का पडतो? हवामान हे एक कारण. दुसरे, ट्रॅकच्या शेजारी माणसे राहतात. यॉर्कशायरच्या क्रॉफ्ट ट्रॅकवर शेजाऱ्यांनी आवाजाबद्दल दावा लावला, आणि २००९ साली अपील न्यायालयाने जास्त आवाजाच्या दिवसांवर वर्षाला ४० ची मर्यादा घातली. मी त्या शेजाऱ्यांच्या जागी असतो तर मीही दावा लावला असता. आता विचार करा, दर भारी सायलेन्सरमागे कुणाच्या तरी सरावाचे मिनिट जाते. आणि आपण बाप लोक वाढदिवसाला तेच भेट देतो.

गाडी विका, असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर एवढेच, की सव्विसाव्या वर्षीच्या मुलाने गाडी विकली तर तो मित्राची चालवील. रस्त्यावर चालवील, समोरून ट्रक येणाऱ्या रस्त्यावर, आणि आपल्याला सांगणार नाही. सांगणारा मुलगा आहे तोवर त्याच्याशी वेळेचा सौदा करावा. सौ. आधी गाडी विकण्याच्याच बाजूची होती. नवव्या आठवड्यात तिने आपल्या अटी सांगितल्या आणि मी त्या लिहून घेतल्या. सायलेन्सर परत जुना. (भारी सायलेन्सर चारशेला विकला, उरलेले पाचशे माझ्या अकलेची फी.) त्या चारशेतून पहिल्या दोन दिवसांसाठी प्रशिक्षक, जो आपल्या पुढे चालवून वाट दाखवतो आणि मग मागे राहून चुका बघतो. वर्षभर नवशिक्या गटातच राहायचे, मित्र हसले तरी. फी भरण्यापूर्वी आयोजकाला लेखी विचारायचे, वेळ वाया गेला तर तुम्ही गट एकत्र करता का? ‘हो’ म्हणाला तर तिथे जायचे नाही. दिवसाच्या शेवटच्या सत्रात उतरायचे नाही, कारण तोवर हात भरून आलेले असतात, पाणी कमी प्यायलेले असते आणि ‘पैसे वसूल’ करण्याची आपली मराठी खोड जोरात असते. ही शेवटची अट ऐकून चिरंजीव म्हणाले, आई, वीस मिनिटांचे पैसे फुकट जातील. ती म्हणाली, जाऊ देत.

मंडळाच्या कार्यकारिणीकडे माझी एक मागणी आहे. गेल्या वर्षी गणपतीच्या सजावटीला आपण जे खर्च केले त्याबद्दल माझी तक्रार नाही, सजावट सुंदर होती. पण त्यातला छोटा हिस्सा काढून आपल्या मोटारसायकलवाल्या मुलामुलींना एका दिवसाच्या प्रशिक्षणाची अर्धी फी द्यावी. इथले पोलीस ‘बाइकसेफ’ नावाचे वर्ग घेतात, तिथून सुरुवात करता येईल. कार पार्कमधल्या सात जणांपैकी चौघांशी मी बोललो, चौघेही यायला तयार आहेत. त्यांतल्या एकीच्या आईवडिलांना तिच्याकडे गाडी आहे हे अजून माहीत नाही, म्हणून नाव लिहीत नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही पुन्हा जातो आहोत. प्रशिक्षकाचे पैसे भरले आहेत, आयोजकाचे ‘गट एकत्र करत नाही’ असे ईमेल छापून फाईलला लावले आहे, नवी पॉलिसी मी स्वतः दोनदा वाचली आहे. या वेळी सौ.ही येणार आहे. तिने कुंपणाजवळ बसायला घडीची खुर्ची आणि स्टॉपवॉच घेतले आहे. वेग मोजायला का, असे मी विचारले. नाही म्हणाली, मिनिटे मोजायला.